लाटकरचा वाढदिवस

सुमेधा बर्वेला सवत होती. नौपाड्यातल्या एखाद्या घरात त्या काळी असली भानगड असती, तर चार दिवसांत गोखले रोडभर झाली असती. ही मात्र सदतीस वर्षं राजरोस नांदली आणि कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कारण ही सवत सहा फूट उंच होती, तिला मिशा होत्या, ती ऑस्ट्रियात राहत होती आणि फुटबॉल खेळत होती.

सवतीचं नाव अँटोन लाइटग्रुबर. सुमेधाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या लग्नाला दोन महिने झाले होते. डोंबिवलीच्या जोशांची मुलगी नौपाड्याच्या बर्व्यांकडे पडलेली, अजून सासरच्या डब्यांतला मोहरीचा कुठला आणि जिऱ्याचा कुठला हेही तिला नीट कळत नव्हतं. एका संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला, बूट न काढताच खुर्चीत बसला आणि छताकडे बघत काहीतरी बोलला. जर्मन नाव श्रीपाद घशातल्या घशात, घाईने म्हणायचा. सुमेधाला ऐकू आलं ते एवढंच : "लाटकर गेला."

आता आपल्याकडे माणूस मरत नाही, जातो. सुमेधाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"अगबाई! कधी?"

"परवा."

"आजारी होते का?"

"आजारी कसला! पैसा, दुसरं काय? पैशापायी गेला."

"वय काय हो?"

"सत्तावीस."

"घरी कोण असतं?"

"एक म्हातारी आई."

सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. पैशापायी गेला म्हणजे त्याने काय करून घेतलं असेल ते विचारायचाही तिला धीर होईना. ती उठली, कुकर लावला, पिठलं टाकलं, आणि तासाभराने डबा भरून नवऱ्यासमोर उभी राहिली. "चला. त्या माउलीच्या पोटात सकाळपासून काही नसेल. लाटकर राहायचे कुठे?"

श्रीपादने आधी डब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अगं, लाटकर कोण? लाइटग्रुबर! फुटबॉलवाला. तो जर्मनीला गेला, दुसऱ्या क्लबात!"

तोवर शेजारच्या मंजुळाबाई पांढरं पातळ नेसून, चेहरा लांब करून दारात येऊन ठेपल्याही होत्या. सासूबाई हसून हसून कवळी हातात घेऊन बसल्या. "सूनबाईंनी जित्या माणसाचं पिठलं घातलं गं बाई," हे त्यांनी पुढे प्रत्येक हळदीकुंकवाला सांगितलं. आणि त्या दिवसापासून बर्व्यांच्या घरात त्या माणसाचं नाव लाटकर पडलं. श्रीपादही शेवटी लाटकरच म्हणायला लागला.

पाहुणा घरात असा हसत हसत आला. पण हसं झालं होतं सुमेधाचं, आणि ती ते विसरणाऱ्यांतली नव्हती.

हा लाटकर नवऱ्याच्या आयुष्यात तिच्याही आधीचा होता, हे तिला हळूहळू कळलं. श्रीपाद वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात इंजिनियर. कारखान्याची एका ऑस्ट्रियन कंपनीशी भागीदारी होती, म्हणून लग्नाच्या तीन वर्षं आधी त्याला हिवाळाभर तिकडे शिकायला धाडलं होतं. शाकाहारी माणूस, भाषा येत नाही, जेवायला पाव आणि चीज. वेळ जात नाही म्हणून एका रविवारी तो गावातल्या क्लबाची मॅच बघायला गेला. तिथे नऊ नंबरचा एक किडकिडीत गडी होता. त्याने समोर गोलकीपर नसताना चेंडू बाहेर मारला, सगळं मैदान त्याला शिव्या घालायला लागलं आणि तो कमरेवर हात ठेवून स्वतःवरच खदखदून हसला. मग पुढच्या दहा मिनिटांत त्याने दोन गोल केले. मॅच संपल्यावर तो कुंपणाजवळून चालला असताना त्याला हा काळासावळा माणूस कुडकुडताना दिसला. त्याने स्वतःच्या गळ्यातला लाल-पांढरा मफलर काढला आणि श्रीपादच्या गळ्यात गुंडाळला.

"त्या अख्ख्या हिवाळ्यात माझ्याशी आपणहून कोणी बोललं असेल तर तो," श्रीपाद सांगायचा. दर वेळी सांगताना त्याचा आवाज थोडा बसायचा. सुमेधाला बघायला तो डोंबिवलीला आला होता तेव्हाचं काय आठवतं असं तिने एकदा विचारलं. "पोहे खारट होते," तो म्हणाला.

मफलरला कपाटात वेगळा कप्पा होता, डांबराच्या गोळ्या होत्या. दिवाळीआधी त्याला ऊन दाखवायचं काम सुमेधाचं. ठाण्यात थंडी पडते म्हणजे काय पडते? पण जानेवारीत चार दिवस श्रीपाद तो गळ्यात घालून तलावपाळीला फेरी मारून यायचा आणि नवीन नवरीने सौभाग्यवाण मिरवावं तसा मिरवायचा.

तरी एवढ्यावर भागलं असतं तर सुमेधाने गिळलं असतं. खरी ठिणगी पडली मार्चमध्ये.

तिचा वाढदिवस बारा मार्चला. माहेरी त्या दिवशी श्रीखंड असायचं, आणि श्रीखंड म्हणजे सुमेधाचा जीव की प्राण. सासरचा पहिलाच वाढदिवस, म्हणून तिने आधीच्या आठवड्यात जेवताना जरा लाजत विषय काढला. सासूबाईंनी आमटी ओरपली आणि म्हणाल्या, "बायकांचे कसले वाढदिवस? आमच्यात नाही ती थेरं. पुरुषमाणसाचा करावा, घराला आयुष्य लाभतं." सुमेधाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताक मागितलं.

आणि दहा तारखेला हा गृहस्थ बादलीभर म्हणावा एवढा चक्का घेऊन घरी! "आई, उद्या लाटकरचा वाढदिवस. श्रीखंड करू या."

"त्याचा आपल्याला काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या.

"पुरुषमाणूस आहे."

यावर सासूबाई केशराची डबी काढायला उठल्या. उत्तर सुमेधाकडे होतं, पण नव्या सुनेने ते द्यायचं नसतं. तळपायाची आग मस्तकात गेलेली, आणि ती चक्का चाळणीवर घासत होती. साखर, वेलची, जायफळ, सासूबाईंनी मोजून दिलेल्या केशराच्या काड्या. सवतीचा वाढदिवस आणि चाळणीवर राबायला ही! अकरा तारखेला सगळे जेवले. श्रीपादने नैवेद्यापुरतं चाटलं आणि भांडं झाकून आत ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, बारा मार्चला, त्याने तेच भांडं काढून सुमेधासमोर ठेवलं.

"घे. आज खा."

"शिळं?" ती म्हणाली.

"शिळं नाही गं. मुरलंय."

बास. वाढदिवसाचा दुसरा शब्द नाही. आणि हे एका वर्षाचं नाही. दर वर्षी दहाला चक्का, अकराला लाटकर आणि बाराला उरलंसुरलं सुमेधाला. तिने ते दर वर्षी खाल्लं, कारण श्रीखंडावर राग काढणं तिला कधी जमलं नाही. पण प्रत्येक घासागणिक ती लाटकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

सुमेधा पुढे नौपाड्यातल्याच एका शाळेत भूगोल शिकवायला लागली, निवृत्त होईपर्यंत तिने तेच केलं. युरोपच्या नकाशावर तिची पट्टी जर्मनीवरून निघायची ती थेट इटलीत उतरायची. मध्ये काय आहे असं एका मुलीने विचारलंच, तर "डोंगर आहेत, परीक्षेला येत नाहीत" असं सांगून ती पुढे जायची. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या कित्येक बायकांना आजही ऑस्ट्रिया नावाचा वेगळा देश आहे हे माहीत नसेल, आणि त्याला कारण एक मफलर आहे.

गंमत अशी की त्या माणसाची कारकीर्द तिला नवऱ्याइतकीच पाठ झाली. वैऱ्याचं आपण जेवढं लक्ष देऊन ऐकतो तेवढं देवाचंही ऐकत नाही. तिकडचा एक फिटर मशीनच्या ड्रॉइंगांबरोबर वर्तमानपत्राची कात्रणं पाठवायचा आणि श्रीपाद डिक्शनरी घेऊन ती लावत बसायचा. लाटकर जर्मनीत दोन वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला, तेव्हा सुमेधाने मनातल्या मनात साखर वाटली. मग त्याचा गुडघा गेला. ते वाचून श्रीपाद रात्री जेवला नाही, आणि ती मात्र दोन घास जास्त जेवली. लाटकर लंगडत आपल्या गावच्या क्लबात परत आला, तिथे पुन्हा गोल करायला लागला. मुलीचा, अंतराचा, जन्म झाला त्याच आठवड्यात त्याच्या तीन गोलांचं कात्रण आलं. श्रीपादने कारखान्यात पेढे वाटले आणि "कशाचे?" विचारल्यावर "दोन्हीचे" म्हणाला. "दोन्हीचे!" हे बाळंतिणीच्या कानावर घालायला मंजुळाबाई धावतच आल्या.

चौतिसाव्या वर्षी लाटकर निवृत्त झाला. शेवटच्या मॅचला त्याने पुन्हा एक मोकळा गोल चुकवला म्हणे, आणि पुन्हा हसला. सुमेधाला वाटलं, चला, सुटलो. पण खेळणाऱ्याने खेळ सोडला तरी बघणाऱ्याचं निवृत्तीचं वय कुठे असतं? सासूबाई गेल्या त्या वर्षी मार्चमध्ये सुमेधाने स्पष्टच सांगितलं, "आता हे थांबवा. तो खेळत नाही, आई राहिल्या नाहीत, कोणासाठी चक्का बांधायचा?"

श्रीपादने चष्मा पुसला. "आई नाही म्हणून घरातली रीत मोडायची?" एवढं म्हणून तो पिशवी घेऊन डेअरीकडे गेला.

पुढे नौपाड्याची इमारत पाडायला निघाली आणि बर्वे बाळकुमला चौदाव्या मजल्यावर गेले. गच्चीतून खाडी दिसायची. अंतरा लग्न होऊन डोंबिवलीला, आईच्या माहेरच्या गावीच, गेलेली. तिने बाबांना मोबाइल शिकवला आणि लाटकर शोधून दिला. तो आता डोंगरात एक छोटी खानावळ चालवत होता, टक्कल पडलं होतं, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. श्रीपाद त्याला अधूनमधून दोन ओळी लिहायचा, आणि त्याचं उत्तर आलं की सबंध सोसायटीत सांगत सुटायचा. सुमेधाने तो मोबाइल कधी हातात धरला नाही. सवतीचं तोंड कशाला बघायचं?

या जानेवारीत श्रीपाद गेला. खरंच गेला, आपल्याकडे जसे जातात तसा.

हॉस्पिटलात थंडी फार होती. सुमेधाने घरून स्वतःची शाल नेली, मऊ, लग्नातली. तिने ती त्याच्या अंगावर घातली. त्याने डोळे उघडले, शाल चाचपली आणि क्षीण आवाजात म्हणाला, "मफलर आणशील?"

तिने आणला. गळ्याभोवती नीट गुंडाळला, कारण दुसरं करणार काय? पण त्या क्षणी तिला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं. सदतीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो एक शब्द आता तरी आपल्या वाट्याला येईल असं तिला वाटलं होतं. या माणसाच्या मनात आपण पहिल्या आहोत की दुसऱ्या, एवढंच तिला ऐकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला, आणि उत्तर न देता गेला.

दहाव्याला सगळे खाडीकाठच्या घाटावर जमले. धाकटे दीर सौमित्र भावोजी विधींना बसले होते. पिंड मांडले, माणसं मागे सरली. कावळे होते, चांगले पाच-सहा होते. कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत होते आणि एकही जवळ येत नव्हता.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला."

सौमित्र भावोजींनी हात जोडले. "दादा, वहिनीची काळजी करू नकोस. आम्ही आहोत."

कावळे हलले नाहीत. सुमेधाचा चेहरा पडला. म्हणजे आपली काळजी ही त्यांची इच्छाच नव्हती तर!

"बाबा, मी आईला माझ्याकडे नेते," अंतरा रडत म्हणाली. कावळ्याने पंख खाजवले.

मग एकेकाने काय काय सांगून पाहिलं. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. सगळे सुमेधाकडे बघत होते. तिला कधीचं कळलं होतं काय म्हणायला हवं ते. पण जीभ उचलत नव्हती. निदान इथे तरी, मेल्यावर तरी, त्या मिशाळाचं नाव न घेता तुम्हाला जेववत नाही का, असं तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं. शेवटी ती पुढे झाली आणि दात आवळून म्हणाली :

"अकरा मार्चला श्रीखंड करीन. दर वर्षी करीन. लाटकरचा वाढदिवस चुकवणार नाही. झालं?"

वाक्य संपतं न संपतं तोच कावळा झेपावला आणि भात घेऊन गेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ म्हणतात. तसंच झालं असेल. पण हे सुमेधाला कोण पटवणार? लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गुरुजींनी आपुलकीने विचारलं, "लाटकर म्हणजे भाऊबंद का हो तुमचे?"

"सवत," सुमेधा म्हणाली आणि जाऊन गाडीत बसली. घरी आल्यावर तिने मफलर कपाटात न ठेवता जुन्या चादरींच्या गठ्ठ्यात खुपसला. डांबराची गोळीही घातली नाही.

पण दिलेला शब्द होता, आणि तोही पिंडासमोर. दहा मार्चला तिने चक्का बांधला. अकराला अंतरा डोंबिवलीहून दोन दिवस राहायला आली. "लाटकरांना कालच कळवलं गं," ती म्हणाली, "बाबांचं सांगितलं, आणि तुमचा वाढदिवस आम्ही दर वर्षीसारखाच करतोय म्हणून शुभेच्छाही दिल्या."

"छान केलंस," सुमेधा चाळणीवर जोर काढत म्हणाली.

तेवढ्यात अंतराचा मोबाइल वाजला. उत्तर आलं होतं, आणि ते लिहिलेलं नव्हतं, बोललेलं होतं. अंतराने ते मोठ्याने लावलं. स्वयंपाकघरात एका म्हाताऱ्याचा जाडाभरडा आवाज घुमला. मध्येच खोकत होता, इंग्रजी शब्द शोधत होता. सवतीचा आवाज सुमेधा जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. एवढा थकलेला असेल असं तिला वाटलं नव्हतं. एका ठिकाणी तर नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

"काय म्हणतोय?"

"फार वाईट वाटलं म्हणतोय. तो थंडीतला माणूस त्याला आठवतोय." अंतरा थांबली. "आई, पुढचं कळत नाहीये. म्हणतोय, शुभेच्छांबद्दल आभार, पण माझा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये असतो. तुझे वडील दर वर्षी ऑक्टोबरातच शुभेच्छा द्यायचे, कधी चुकले नाहीत. मार्चमध्ये कोणाचा असतो?"

सुमेधाचा हात थांबला.

"बाबांची चूक झाली असेल का गं?" अंतरा म्हणाली.

लाटकरचा कुठला गोल कितव्या मिनिटाला झाला हे झोपेत सांगणारा माणूस त्याच्या वाढदिवसाला सदतीस वर्षं चुकेल? सुमेधाला ते जेवणाचं ताट आठवलं, सासूबाई आठवल्या, आणि ताक मागणारा नवरा. बारा तारीख म्हटली असती तर सासूबाईंनी त्याच मिनिटाला ओळखलं असतं. सुनेची पत्रिका त्यांनीच जुळवली होती. आणि श्रीखंड अकराला केलं तर खरी चव केव्हा लागते? बाराला. हे तर तिला माहेरापासून माहीत होतं. केशर उतरायला एक रात्र लागते. आईसमोर बायकोची बाजू घ्यायची धमक नसलेल्या त्या भित्र्या, लबाड माणसाने एका परक्या पुरुषाच्या आड लपून तिचं श्रीखंड दर वर्षी वेळेवर घरात आणलं होतं. मग खोटं इतकं जुनं झालं की ते खोटं राहिलं नाही, कुळाचार झाला. आणि तो मोडायची त्याला लाज वाटली असणार, नाहीतर तिचा जळफळाट बघायची चटक लागली असणार. दोन्ही असेल. मेल्याने एका शब्दाने सांगू नये?

"आई? काय कळवू त्यांना?"

"आज नको," सुमेधा म्हणाली. तिने राहिलेला चक्का चाळला, साखर-केशर घातलं आणि श्रीखंडाचं भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. चाखूनही पाहिलं नाही. मग आतल्या खोलीत जाऊन चादरींच्या गठ्ठ्यातून मफलर ओढून काढला आणि गच्चीत उन्हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भांडं काढलं. केशर छान उतरलं होतं. तिने एक वाटी भरून घेतली, खुर्चीत नीट बसून खाल्ली, आणि मग दुसरी घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"अंतरा," दुसरी वाटी संपल्यावर तिने हाक मारली. "त्या लाटकरला कळव. विचारत होता ना, मार्चमध्ये कोणाचा असतो म्हणून?"

"हो. काय लिहू?"

"लिही, माझा."